बँकॉकमध्ये ‘राजवाडा आज बंद आहे’ म्हणणारा भेटला तर

बँकॉकचा राजवाडा, म्हणजे ग्रँड पॅलेस, सकाळी ८.३० ला उघडतो आणि तिकीटविक्री दुपारी ३.३० पर्यंत चालते. परदेशी माणसाला तिकीट ५०० बाथ. राजघराण्याचा समारंभ असला तर कधीतरी बंद असतो, पण ते सांगायला गेटवर माणसं असतात, फुटपाथवर नाही.

आम्हाला सांगणारा फुटपाथवर भेटला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, अतिशय नम्र. म्हणाला, आज पूजा आहे, परदेशी लोकांना एकनंतर सोडतील. एप्रिलचं ऊन, आणि सोबतच्या सासूबाई आधीच टेकायला जागा शोधत होत्या. त्याने आमच्याच नकाशावर दोन मंदिरांवर खुणा केल्या, टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, थांबवली आणि भाडं ठरवून दिलं: सगळीकडे फिरवून २० बाथ. एवढ्या पैशात टुकटुकवाला एरवी हलतही नाही. त्याला पैसे रत्नांचं दुकान देतं. गिऱ्हाईक आणलं की पेट्रोलचं कूपन, खरेदी झाली की कमिशन.

पहिल्या मंदिरात गर्दी नव्हती, गारवा होता. तिथे हात जोडून बसलेला एक गृहस्थ आपणहून बोलू लागला. शाळेत शिकवतो म्हणाला. सरकारी सवलतीत दरवर्षी रत्नं घेतो, परदेशात विकून मुलीची फी भरतो, आणि सवलतीचा आज शेवटचा दिवस. खरं कसब इथे आहे. टुकटुकवाल्याने तोवर दुकानाचा शब्दही काढला नव्हता. एकमेकांशी काही संबंध नसलेली तीन माणसं आपापलं सांगताहेत असं वाटतं, आणि त्यातला एकही काही विकत नसतो. अशी सरकारी सवलत मुळात नसतेच.

दुकानात एसी, थंड पाणी, आणि ‘मुंबईत झवेरी बाजारात दुप्पट भाव येईल’. नीलम पुढे आला तेव्हा सासूबाई ठामपणे म्हणाल्या, “पत्रिका दाखवल्याशिवाय नीलम घालत नाहीत.” विक्रेत्याने क्षणात माणकाचा ट्रे काढला. १८,००० बाथ, कार्डावर.

झवेरी बाजारातल्या सराफाने भिंग लावलं आणि म्हणाला, माणिक आहे, पण भेगांमध्ये काच भरलेली. लिंबाचा रस लागला तरी खराब होईल. बिलावर ‘प्रक्रिया केलेले’ असं बारीक अक्षरात छापलेलंच होतं. दुकानाने खोटा दगड दिलेला नाही, फक्त भाव भलताच लावलेला. बँकेनेही तेच धरलं: वस्तू मिळाली, बिल आहे, मग तक्रार कसली?

त्याच टुकटुकवाल्याने दुपारी जेवायला नदीकाठी नेलं. तिथल्या मेन्यूवरचा कोळंबीचा भाव १०० ग्रॅमचा होता, प्लेटचा नव्हे, हे बिल आल्यावर कळलं. त्यापेक्षा संध्याकाळी याओवारातला, म्हणजे तिथल्या चायनाटाउनमधला, रस्त्यावरचा ठेला बरा. पाटीवर भाव लिहिलेला, समोर कढई, आणि नंतर आंबा घातलेला चिकट भात. सासूबाईंनी तो दोनदा मागवला.

राजवाड्याला सनाम चाई मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वाटेत कोणी काहीही सांगितलं तरी थेट विसेत चाई सी गेटपर्यंत जा. खरेदी होऊन गेली असेल आणि तुम्ही अजून तिथेच असाल, तर बिल घेऊन पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन लावा. विमानात बसण्याआधी लावा. मुंबईहून आम्ही दुकानाला पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलेलं नाही.