गावच्या विमानतळाभोवती कसलं आकाश हवं? ऑस्ट्रेलियातले चार पर्याय

आमच्या एरो क्लबच्या हँगरमध्ये शनिवारी सकाळी चहाचे मग भरले की एकच वाद सुरू होतो. विमानतळाभोवतीचं आकाश नियंत्रित करायचं की आहे तसं मोकळं ठेवायचं? निम्मे जण "टॉवर आलाच पाहिजे" म्हणतात, उरलेले "टॉवर आला की आपलं उडणं संपलं" म्हणतात. नक्की काय मागतोय हे दोन्ही बाजूंच्या बऱ्याच जणांना धड माहीत नसतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यातलाच होतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात आपले मराठी लोक आता बऱ्यापैकी आहेत. कुणी हौसेने उडवतात, कुणाची मुलं मुंबई-पुण्याहून इथे व्यावसायिक परवान्यासाठी आलेली असतात. तुमच्या गावच्या विमानतळाबद्दल उद्या मतं मागवली, तर काय विचार करून लिहाल, यासाठी हा आढावा.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विमानं दोन प्रकारे उडतात. डोळ्यांनी बघत उडणारी ती व्हीएफआर, उपकरणांच्या भरवशावर ढगांतूनही जाणारी ती आयएफआर. आकाशाला जी, ई, डी असे अक्षरांचे वर्ग दिलेले असतात. अक्षर कुठलंही असो, प्रश्न एवढाच असतो की जमिनीवर बसलेला कंट्रोलर कुणाला कुणापासून लांब ठेवणार. नकाशावरचे रंग आणि वर्तुळं नंतर बघता येतील.

पहिला पर्याय आहे तसंच राहू देणं, म्हणजे जी वर्ग. इथे कंट्रोलर कुणालाच कुणापासून वेगळं करत नाही. आयएफआर विमानांना जवळ कोण आहे एवढं सांगितलं जातं, बाकी सगळे एका सामायिक फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा सांगत फिरतात. "दहा मैल दक्षिणेला, अडीच हजार फूट, विसाव्या मिनिटाला सर्किटमध्ये," (म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्यात) असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे मनातल्या मनात नकाशा मांडतात. गर्दी नसेल तर ही पद्धत झकास चालते. पण दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की कानात फक्त किर्र असा आवाज येतो आणि दोन्ही संदेश वाया जातात. न्यू साउथ वेल्समधलं बलिना आणि शेजारची लिस्मोर, कॅसिनो हे विमानतळ बरीच वर्षं एकाच फ्रिक्वेन्सीवर होते. सुट्टीच्या दिवशी तिथे काय होत असेल, कल्पना करा.

"बघा आणि टाळा" ही या वर्गाची खरी भिस्त. तिचा हिशेब एकदा कागदावर मांडाच. खाली येणारं एअरबस ए320 250 नॉट्सने येतंय, तुमचं जॅबिरू हे छोटं विमान 100 नॉट्सने समोरून जातंय. दोघं मिळून सेकंदाला 180 मीटर अंतर खातात. दोन किलोमीटरवर तुम्हाला ठिपका दिसला, तर हातात अकरा सेकंद उरतात. दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं, या सगळ्याला मिळून अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने साडेबारा सेकंद धरलेत. म्हणजे गणित सुरुवातीलाच तोट्यात. ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास खात्याने या पद्धतीच्या मर्यादांवर 1991 मध्येच अहवाल काढला होता. त्यातली एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते. कुठे बघायचं हे आधी कुणी सांगितलं, तर नजर जवळजवळ आठपट परिणामकारक होते.

त्यातूनच दुसरा पर्याय निघतो. वर्ग जी-च ठेवायचा, पण रेडिओ सक्तीचा करायचा आणि लांबच्या केंद्रात बसलेल्या माणसाने पडद्यावर बघून प्रत्येकाला सांगायचं की अमुक दिशेला तमुक विमान आहे. बलिनामध्ये तेव्हा टॉवर नसतानाही जेट विमानं यायची. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथे एक ए320 आणि एक छोटं जॅबिरू एकमेकांच्या फार जवळ आले. ऑगस्ट 2021 पासून ब्रिस्बेनहून अशी माहिती सेवा सुरू झाली. अशी सेवा सूचना देते, आज्ञा देत नाही. वळायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. हा पर्याय स्वस्त आहे, लवकर उभा राहतो, आणि कुणाचं येणं-जाणं अडवत नाही. खोट एकच, ट्रान्स्पॉन्डर (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र) नसलेलं किंवा बंद असलेलं विमान त्या पडद्यावर नीट उमटत नाही. माणूस चांगला असून उपयोग नाही, त्याला दिसलं पाहिजे.

तिसरा पर्याय ई वर्ग. यावर जरा जास्त वेळ थांबतो, कारण गोंधळ इथेच सर्वांत जास्त. ई हे नियंत्रित आकाश. पण त्यात कंट्रोलर फक्त आयएफआर विमानांना एकमेकांपासून लांब ठेवतो. व्हीएफआर विमान परवानगीशिवाय शिरू शकतं आणि त्याच्यापासून जेटला वेगळं ठेवण्याची जबाबदारी कंट्रोलरची नसते.

हे दोन घटनांतून स्पष्ट होतं. 19 फेब्रुवारी 2020 रोजी व्हिक्टोरियातल्या मँगलोरजवळ दोन प्रशिक्षण विमानांची हवेत टक्कर झाली. (आपलं मंगळूर नव्हे, पण नाव ऐकून दरवेळी दचकायला होतं.) एक मँगलोरहून उडून वर चढत होतं, दुसरं तिकडे येत खाली उतरत होतं. दोन्ही आयएफआर, दोन्ही जी वर्गात, दोघांनाही एकमेकांची माहिती दिलेली होती. चौघे गेले. तिथे खालपर्यंत ई वर्ग असता, तर या दोघांना वेगळं ठेवणं हे कंट्रोलरचं कामच ठरलं असतं. जिथे फ्लाइंग स्कूलची आयएफआर विमानं दिवसभर वाट दाखवणाऱ्या एकाच रेडिओ बीकनभोवती घिरट्या घालतात, तिथे ई वर्ग मागणाऱ्याचं म्हणणं मला पटतं.

दुसरी घटना उलट्या बाजूची. 2003 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाने अमेरिकेच्या धर्तीवर बऱ्याच ठिकाणी ई वर्ग आणला. महिनाभरात, 24 डिसेंबरला, टास्मानियातल्या लॉन्सेस्टनजवळ उतरत्या बोइंग 737 मध्ये टक्कर टाळण्याच्या यंत्राची आज्ञा वाजली. समोर होतं एक छोटं व्हीएफआर विमान, आणि ते ई वर्गात नियमानुसारच उडत होतं. पुढच्याच वर्षी टॉवरच्या वरच्या बऱ्याच आकाशात ई काढून पुन्हा कडक वर्ग आणला गेला. थोडक्यात, तुमची भीती "जेट आणि जॅबिरू" ही असेल, तर एकटा ई तिच्यावरचा उपाय नाही.

जानेवारी 2021 मध्ये पूर्व किनाऱ्यावर ई वर्ग जमिनीपासून 1500 फुटांपर्यंत खाली आणायचा प्रस्ताव आला, तेव्हा छोट्या विमानवाल्यांनी रान उठवलं आणि तो तसाच्या तसा पुढे गेला नाही. माझ्या मते त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर होतं. जी वर्गात खालच्या उंचीवर ढगाला न शिवता उडलं की पुरतं. ई वर्गात ढगापासून आडवं 1500 मीटर आणि उभं 1000 फूट अंतर ठेवावं लागतं. डोंगराळ भागात ढग 2500 फुटांवर असतील, तर जी वर्गात तुम्ही आरामात घरी जाता. ई वर्गात मात्र त्याच ढगाखाली तुम्हाला 1500 फुटांपर्यंत दाबलं जातं, आणि तिथे झाडं आणि विजेच्या तारा असतात. ट्रान्स्पॉन्डरच्या सक्तीची तक्रार मला तितकी पटत नाही. 2022 पासून सरकारने एडीएस-बी (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र) बसवायला निम्मा खर्च, कमाल 5000 डॉलरपर्यंत, परत द्यायची योजना काढली. फ्लाइट बॅगमध्ये मावेल एवढं पोर्टेबल यंत्रही त्यात बसत होतं.

चौथा, डी वर्ग आणि टॉवर. इथे आत यायला कंट्रोलरशी बोलून परवानगी घ्यावी लागते, धावपट्टीवर कोण कधी हे तोच ठरवतो, आणि व्हीएफआर विमानांची माहिती जेटला आणि जेटची त्यांना नेमाने मिळते. ज्यांना टॉवर म्हणजे तुरुंग वाटतो, त्यांनी एकदा टॅमवर्थला उतरून बघावं. दोन वाक्यांत काम होतं. बलिनासाठीही नियामक असलेल्या कासाने आढाव्यानंतर नियंत्रित आकाशाकडेच कल दिला. जेट आणि हौशी विमानं रोज मिसळत असतील, तिथे मीही हेच म्हणेन.

पण डीचे तीन खर्च मतं मागवणाऱ्या पत्रकात सहसा लिहिलेले नसतात. एक, हलक्या विमानांच्या संघटनेचं नुसतं प्रमाणपत्र असणाऱ्याला डीमध्ये शिरायला वेगळी पात्रता लागते. ईमध्ये ती अडचण नव्हती. दोन, असे लोक मग डीच्या वर्तुळाच्या कडेकडेने जातात. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असेल, तर सगळे त्याच चिंचोळ्या पट्ट्यात येतात आणि आतली गर्दी बाहेर भरते. तीन, टॉवर चोवीस तास नसतो. बऱ्याच गावांत संध्याकाळी तो बंद झाला की तेच आकाश पुन्हा जी होतं, आणि शेवटचं उशिरा आलेलं जेट नेमकं त्यानंतर उतरतं. टॉवर मागणार असाल तर आधी वेळापत्रक मागा. माणसं कमी पडली तर काय, हेही विचारा. गेल्या काही वर्षांत कंट्रोलरांच्या तुटवड्यामुळे इथे मोठमोठ्या हद्दींतही सेवा तात्पुरती बंद ठेवून वैमानिकांना आपापसात बोलून उडायला सांगितलं गेलंय.

धावपट्टीवरच्या धोक्याचं उदाहरण मला अमेरिकेतलं द्यावं लागतंय. 19 नोव्हेंबर 1996 ला इलिनॉयमधल्या क्विन्सी या टॉवर नसलेल्या विमानतळावर उतरलेलं प्रवासी विमान आणि छेदणाऱ्या धावपट्टीवरून उड्डाण घेणारं किंग एअर हे छोटं विमान धडकले, 14 जण गेले. थांबलेल्या तिसऱ्या विमानाने केलेला रेडिओ संदेश प्रवासी विमानाच्या कर्मचाऱ्यांनी किंग एअरचा समजला. ई वर्ग तिथे काहीच करू शकला नसता, तो धावपट्टी सांभाळत नाही. छेदणाऱ्या धावपट्ट्या आणि नेमाने येणारी प्रवासी विमानं असतील, तर टॉवरचं पारडं जड होतं.

आमच्याकडे दिवसाला एखादं टर्बोप्रॉप (पंख्यांचं प्रवासी विमान) येतं, जेट नाही, आणि दोन फ्लाइंग स्कूलची आयएफआर विमानं सकाळ-संध्याकाळ असतात. म्हणून मतं मागवली तेव्हा मी लिहिलं ते असं: माहिती सेवा आणा, सगळ्यांना ट्रान्स्पॉन्डर सक्तीचा करा, आयएफआरच्या वाटेवर ई वर्ग खाली आणा पण 4500 फुटांच्या खाली नको, टॉवर सध्या नको. शेजारच्या हँगरमधल्या ऑस्टर या जुनाट विमानाच्या मालकाने माझा कागद वाचला, आपल्या विमानाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "याला तर बॅटरीच नाही." मी त्याला पोर्टेबल यंत्राची किंमत लिहून दिली. त्याने चिठ्ठी खिशात घातली, पण अजून काही बोललेला नाही.