व्हेनिससाठी पैसे द्यायचे तर सेव्ह व्हेनिस की व्हेनिस इन पेरिल?

4 नोव्हेंबर 1966 ला व्हेनिसमध्ये 194 सेंमी पाणी चढलं, त्यातूनच पुढे या दोन्ही संस्था उभ्या राहिल्या, पहिली अमेरिकन, दुसरी ब्रिटिश.

सेव्ह व्हेनिसचा आवाका मोठा, चित्रं, मूर्ती, आख्खी चर्चेस दुरुस्तीसाठी हातात घेतात. सांता मारिया देई मिराकोली चर्चचं काम तर बघाच, दहाएक वर्षं लागली, संगमरवरात मीठ इतकं मुरलेलं की लाद्या सुट्या करून डिस्टिल्ड वॉटरच्या टाक्यांत भिजत ठेवल्या, मीठ बाहेर पडावं म्हणून. केवढा पेशन्स लागत असेल या कामाला!

व्हेनिस इन पेरिल त्यामानाने लहान, सुरुवात मादोन्ना देल्लोर्तो चर्चपासून. पण यांनी वाढत्या पाण्याच्या रिसर्चलाही पैसे दिलेत आणि मला हेच जास्त पटतं, कारण 2020 पासून मोझे या समुद्राच्या पाण्याला अडवणाऱ्या बांधाचे 78 दरवाजे मोठी भरती अडवतात हे खरंय, पण ते रोज थोडेच बंद असतात, खारी ओल विटांमधून वर चढतच राहते आणि चित्र कितीही सुंदर दुरुस्त केलं तरी ते शेवटी त्याच भिंतीवर परत लावायचंय ना.

एखाद्या ठराविक चित्रावर जीव असेल तर सेव्ह व्हेनिसला द्या. माझे पैसे व्हेनिस इन पेरिललाच.