आधी वही की आधी डबा?

वजनं उचलायला लागून महिना झाला नाही तोच एक प्रश्न डोक्यात घोळायला लागतो : प्रोटीन पावडर कोणती घ्यावी? घ्यावी की नाही, हे कुणी विचारत नाही. माझंही तसंच झालं. पहिला डबा मी तीन महिने मन लावून संपवला. त्याची चव अजून आठवते, पण त्या तीन महिन्यांत बेंच प्रेसचं वजन किती वाढलं ते सांगता येत नाही, कारण ते कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं.

म्हणून आधी हीच तुलना करू : व्यायाम विरुद्ध डबा. २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित हिशेब छापून आला. त्यात १,८६३ माणसं होती. व्यायाम सगळेच करत होते, काहींना वरून जास्तीचं प्रोटीन दिलं होतं. ते घेणाऱ्यांचं चरबी वगळता वजन इतरांपेक्षा सरासरी ०.३ किलोने जास्त वाढलं. म्हणजे तीनशे ग्रॅम. बाकीची वाढ व्यायामाची आणि रोजच्या जेवणाची. दिवसाचं एकूण प्रोटीन शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे गेलं की आणखी घेऊनही स्नायूंत भर पडताना दिसली नाही. हा जादा फायदा मुरलेल्यांना जास्त झाला, नवख्यांना कमी. डबा घ्यायची घाई मात्र नवख्यांनाच असते!

उलट बाजूने पाहिलं तर हिशेब आणखी सोपा. व्यायामाशिवाय प्यायलेलं जादा प्रोटीन स्नायूवर जाऊन बसत नाही. शरीर त्यातला नायट्रोजन युरिया करून लघवीवाटे टाकतं आणि उरलेलं इंधन म्हणून वापरतं.

व्यायामातही निवड करावी लागते : बारबेल, मशीन की नुसतं शरीराचं वजन? स्नायूचा आकार वाढवायचा असेल तर या तिघांत लोक समजतात तेवढं अंतर नाही. हलकं वजन घेऊन पंचवीस-तीस रेप्स (आवर्तनं) मारल्या काय किंवा जड घेऊन आठ, सेट (आवर्तनांची एक फेरी) जवळपास दमछाकीपर्यंत गेला तर आकार सारखाच वाढतो. ताकद वाढवायची असेल तर मात्र जड वजनाला पर्याय नाही. माझं मत बारबेल-डंबेलच्या बाजूने आहे, कारण त्यात दर आठवड्याला थोडं थोडं वजन चढवता येतं. शरीराच्या वजनावरच्या व्यायामात पुढची पायरी एकदम उंच येते आणि माणूस तिथेच अडकतो. मशीन शिकायला सोपी आणि एकट्याने व्यायाम करताना निर्धास्त, हा तिचा खरा गुण.

वजन चढवत नेण्याची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांवर वापरली. तोवर दुखावलेल्या पायाला हलकं वजन आणि भरपूर आवर्तनं असा रिवाज होता. त्यांनी जड वजन दिलं, ते टप्प्याटप्प्याने वाढवलं आणि सैनिक लवकर सावरले. त्या पद्धतीत डबा कुठेच नव्हता. आपल्यालाही सुरुवातीला एवढंच पुरे : दर स्नायूला आठवड्याला दहाएक सेट, मोठ्या व्यायामात दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आणि आज किती उचललं ते लिहायला एक वही. एवढं तीन महिने जमलं की मग पावडरीकडे वळावं.

त्याआधी एक वजाबाकी करा. ७० किलोच्या माणसाला १.६ च्या हिशेबाने ११२ ग्रॅम प्रोटीन लागतं. चार दिवसांचं खाणं लिहून काढलं आणि सरासरी ८५ आली, तर तूट २७ ग्रॅमची. पावडरीचा एक स्कूप तिला जवळपास पुरतो. सरासरी ११० आली तर डबा कशाला?

तूट आहे असं ठरलं, तर निवड अशी. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन, ते कमीअधिक शुद्ध करून विकतात. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये चांगल्या दर्जाचं असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, आयसोलेटमध्ये ९० च्या पुढे. स्नायूंच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. आयसोलेटचे जादा पैसे दुधाने पोट फुगणाऱ्यानेच मोजावेत, कारण त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) नावापुरतं उरतं. हायड्रोलायझेट, म्हणजे आधीच बारीक तुकडे केलेलं प्रोटीन, आणखी महाग आणि कडू. सामान्य माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. केसीन हे दुधातलंच दुसरं प्रोटीन पोटात दह्यासारखं घट्ट होऊन सावकाश पचतं, पण दिवसाचं एकूण प्रोटीन सारखं असेल तर या संथपणाचा फायदा फारसा उरत नाही. दूध वर्ज्य असलेल्यांनी सोया घ्यावं, किंवा वाटाणा आणि तांदळाचं मिश्रण. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यांपैकी वाटाण्यात मेथिओनिन कमी, तांदळात लायसिन कमी. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. वनस्पतिजन्य पावडरीत स्नायूबांधणीला चालना देणारं ल्युसीन हे अमिनो आम्ल थोडं कमी असतं, तेव्हा स्कूप जरा मोठा घ्यावा. कोलॅजेन स्नायूंसाठी घेऊ नये, त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक (शरीराला स्वतः बनवता न येणारं) अमिनो आम्ल नसतंच. बीसीएए या तीन अमिनो आम्लांच्या पावडरीचंही तेच : नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी तीनच विकत घेऊन बाकीची सहा कुठून आणणार?

प्रोटीन की क्रिएटिन (स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवायला मदत करणारा पदार्थ), यात माझं उत्तर तूट बघून बदलतं. जेवणातून पुरेसं प्रोटीन मिळत असेल तर पैसे क्रिएटिन मोनोहायड्रेटवर घालावेत. रोज ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी. पहिल्या काही दिवसांत वजन किलोभर वाढू शकतं, ते पाणी असतं. रक्ततपासणीत क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम ज्यावरून जोखतात तो आकडा) थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून आपण क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना आधीच सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र दोन्हींपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेक घेतला नाही तर मेहनत वाया जाते, ही भीती सोडून द्या. दिवसाची बेरीज जुळली की पुरे.

डबा हातात घेतल्यावर पुढची आकर्षक अक्षरं सोडून मागचा तक्ता वाचा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन म्हणजे ८० टक्के. घटकांत ग्लायसीन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर सावध व्हा. प्रोटीन बहुधा नायट्रोजन मोजून ठरवतात, त्यामुळे अशा स्वस्त अमिनो आम्लांनी आकडा फुगवता येतो. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट किंवा इन्फॉर्म्ड स्पोर्टची (बंदी असलेले पदार्थ तपासल्याची) खूण असलेलाच डबा घ्यावा. आणि घरी आल्यावर तो प्लास्टिकचा स्कूप एकदा काट्यावर ठेवून बघा. दाबून भरला की त्याचे ३० ग्रॅम सहज ३५ होतात.