मीठ खरंच इतकं वाईट आहे का, आणि घरात आणायचं तरी कुठलं?

बाबांचं बीपी 150 च्या वर निघालं आणि डॉक्टरांनी गोळी लिहून देताना मीठ कमी करा एवढंच सांगितलं. किती कमी, कुठलं मीठ, काही नाही. घरी आल्यावर फॅमिली ग्रुपवर एक आत्या म्हणाली पांढरं मीठ म्हणजे विष, आजच सैंधव आणा, आणि दुसरी म्हणाली हे मिठाचं सगळं उगाच उठवलेलं आहे, आपले आजोबा मीठ-मिरचीचा खर्डा खाऊन नव्वदीपर्यंत जगले. आई मधल्या मधे अडकली, कारण स्वयंपाक तिच्या हातात. म्हणून जे वाचलं ते इथे समोरासमोर ठेवतेय, ज्यांना असाच निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी.

आधी एक घोळ मिटवू. सोडियम आणि मीठ एक नाही. सोडियमचा आकडा गुणिले अडीच म्हणजे मीठ. डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सगळं धरून चहाचा एक सपाट चमचा. फॉरवर्डमध्ये हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी टाकलेले असतात आणि मग भांडणाला अर्थच राहत नाही.

"उगाच भीती घालतात" म्हणणाऱ्यांच्या बाजूने सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे 2014 ला आलेला प्युअर नावाचा मोठा अभ्यास. त्यात दिवसाला 3 ते 6 ग्रॅम सोडियम (मीठ धरलं तर साडेसात ते 15 ग्रॅम) खाणाऱ्यांना हृदयविकार, स्ट्रोक आणि मृत्यूचा धोका सगळ्यात कमी दिसला, आणि त्याहून कमी खाणाऱ्यांना उलट जास्त. हे वाचून मलाही वाटलं होतं की संपला विषय. पण त्यांनी प्रत्येकाची सकाळची एकच लघवी तपासून दिवसाभराच्या मिठाचा अंदाज बांधला होता, तर भरवशाची पद्धत म्हणजे पूर्ण 24 तासांची लघवी गोळा करणं. शिवाय जो माणूस आधीच आजारी आहे तो जेवतोच कमी, म्हणजे मीठही कमी खातो, मग दोष मिठाच्या कमीपणाचा की आजाराचा हे नीट वेगळं काढता येत नाही.

दुसऱ्या बाजूला 2001 चा डॅश-सोडियम प्रयोग आहे आणि मला तो जास्त पटला, कारण त्यात लोकांना नुसतं विचारलं नाही, जेवण बनवून दिलं आणि त्यातलं मीठ कमी-जास्त केलं. रोजच्या साध्या जेवणातलं मीठ 8 ग्रॅमवरून 4 च्या आसपास आणलं तर वरचं बीपी सरासरी 6.7 ने उतरलं. ज्यांचं बीपी आधीच वाढलेलं होतं त्यांना मीठ कमी आणि जोडीला भाज्या, फळं, दूध-दही जास्त असं केल्यावर फरक साडेअकरापर्यंत गेला. आता गंमत बघा, त्या प्रयोगात ज्याला "जास्त मीठ" म्हटलं ते साधारण 8 ग्रॅम, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशभरातल्या पाहणीत भारतातल्या मोठ्या माणसाची सरासरी निघाली तीसुद्धा 8 ग्रॅम!! म्हणजे त्यांचं जास्त ते आपलं रोजचं.

माझं मत सरळ सांगते. तिशीतला माणूस, बीपी नॉर्मल, उन्हात राबून घाम गाळणारा, त्याला "विष विष" म्हणून घाबरवणं चूकच आहे, शास्त्रज्ञांचं भांडण आहे ते 5 पर्यंत खाली यायचं की 7-8 वर थांबलं तरी चालेल यावर. पण बीपी असलेल्या माणसाच्या बाबतीत इशारा अजिबात फुगवलेला नाही, तिथे आकडे स्पष्ट आहेत. आजोबांचं उदाहरण मी मनापासून मानते, पण त्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी होती जिच्या पिठात मीठ घालत नाहीत, फरसाण सणासुदीला, आणि दिवसभर शेतात घाम.

आता कुठलं मीठ. सैंधव आणि साधं मीठ यात बीपीच्या दृष्टीने निवडण्यासारखं जवळपास काही नाही, कारण सैंधवही बहुतेक सगळं सोडियम क्लोराईडच. ती गुलाबी छटा लोहाची वगैरे, पण चिमूटभर मिठातून मिळणारी खनिजं इतकी कमी की मूठभर शेंगदाणे खाल्ले तर कितीतरी पट जास्त मिळतील. एकादशीला सैंधव वापरा, आम्हीही वापरतो, तो श्रद्धेचा आणि चवीचा भाग आहे. पण रोजसाठी पूर्ण सैंधवावर गेलात तर आयोडीन जातं, आणि हे हलक्यात घेऊ नका. कांगडा खोऱ्यात 1956 पासून झालेल्या कामाने दाखवून दिलं की मिठात आयोडीन घातलं की गलगंड कमी होतो, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूसाठी तर ते लागतंच. घरात कोणी गरोदर असेल तर माझ्या मते साधं आयोडीनवालं मीठच.

खडे मिठाबद्दल मला फार माया आहे, शिरोड्याची मिठागरं बघितलीत तर तुम्हालाही वाटेल, 1930 चा सत्याग्रह झाला ते शिरोडं. लोणच्याला, मासे खारवायला ते उत्तमच. पण वजनाला वजन धरलं तर सोडियम तेवढंच, चमच्यात कमी मावतं एवढाच फरक. आयोडीनही बहुधा नसतं.

खरा वेगळा पर्याय एकच, लो-सोडियम मीठ. यात थोडं सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराईड घालतात. चीनमधल्या 600 गावांत जवळपास 21 हजार लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाला, सगळे आधी स्ट्रोक येऊन गेलेले किंवा साठीपुढचे बीपीवाले. अर्ध्या गावांना 25 टक्के पोटॅशियम क्लोराईडवालं मीठ दिलं, आणि 2021 ला निकाल आला की त्या गावांत स्ट्रोक 14 टक्क्यांनी आणि मृत्यू 12 टक्क्यांनी कमी. नुसतं मीठ बदलून! पण किडनी कमजोर असेल तर हेच पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन नावाचं लघवी वाढवणारं औषध चालू असेल तरी पोटॅशियम वाढायची शक्यता असते. डब्ल्यूएचओने 2025 मध्ये या मिठाची शिफारस केली तीही लहान मुलं, गरोदर बायका आणि किडनीचे पेशंट वगळूनच. म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनची (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी करून, डॉक्टरांना विचारून मगच आणा, प्लीज. चवीला आमटी-भाजीत कळत नाही, ताकात आणि कोशिंबिरीत जरा कडवट लागतं.

अजून एक, परदेशातले सल्ले पाकिटावरचं लेबल वाचा म्हणतात कारण तिकडे बरंचसं मीठ तयार पदार्थातून येतं. आपल्याकडे जास्त मीठ घरच्या स्वयंपाकातूनच जातं, म्हणजे बदल आपल्याच हातात आहे. हां, पापडाकडे लक्ष द्या, त्यात मीठ आणि वर पापडखार, तोही सोडियमच.

तुमच्या घरात किती जातं हे बघायला पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. आमच्याकडे 1 किलो चार माणसांत 26 दिवसांत संपलं, म्हणजे माणशी रोज साडेनऊ ग्रॅमच्या वर, आणि लोणचं, पापड, फरसाण वेगळंच. मी तर म्हणत होते की आपण अळणीच खातो.

बाबांचे रिपोर्ट नॉर्मल आले, डॉक्टर हो म्हणाले, म्हणून आता लो-सोडियम, तेही आयोडीनवालंच, पोटॅशियमची तपासणी महिन्याने परत. ताटात डावीकडे मीठ वाढणं आईने बंद केलं, त्याऐवजी लिंबाच्या दोन फोडी. पहिले दहा-पंधरा दिवस बाबा प्रत्येक घासाला अळणी म्हणायचे, आता परवा बाहेरची मिसळ खाऊन स्वतःच म्हणाले केवढी खारट आहे. नव्या पाकिटावर तारीख लिहिलीये, हे 40 दिवस पुरवायचंय.