जुना अ‍ॅम्प्लिफायर की जुने स्पीकर: पैसे कुठे घालायचे?

माळ्यावर पंधरा-वीस वर्षं पडून असलेला संच खाली उतरवला, धूळ पुसली, की घाई होते ती वायरी जोडून आवाज ऐकायची. ती करू नका. अ‍ॅम्प्लिफायरमधला एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असेल आणि संरक्षणाचा रिले नसेल, तर सप्लायचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) थेट स्पीकरवर जातो. वूफरची (खर्जाच्या मोठ्या स्पीकरची) व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, जळायला मग काही सेकंद पुरतात. जी वस्तू सहज वाचली असती ती आपल्याच हाताने गेली, याचं दुःख फार दिवस राहतं.

दोन्हींवर खर्च करणं जमत नसेल तर आधी काय, असं कोणी विचारलं तर मी सांगतो: तपासणी अ‍ॅम्प्लिफायरपासून करा, पैसे मात्र स्पीकरवर घाला. अ‍ॅम्प्लिफायरच्या बऱ्याच तक्रारी नुसत्या साफसफाईने मिटतात, वूफरची फुटलेली कडा मिटत नाही.

तपासणीला खर्च जवळपास नाही. मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो पाहा. ऐंशीच्या दशकात आखातातून, जपानहून आलेल्या कितीतरी संचांवर ११०, १२०, २२०, २४० असे खाचे असतात. आपल्याकडे तो २४० वर हवा. मग सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे मेनच्या वाटेत जुना पिवळा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब मंद झाला, तर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नको, १०० च्या वर गेला तर तंत्रज्ञाला दाखवा, आणि थेट व्होल्टमध्ये आकडा आला तर स्पीकर जवळही आणू नका. झाकण उघडायचं असेल तर प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, हे विसरू नका.

एक बाजू बंद असेल तर स्पीकरच्या डाव्या-उजव्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला अदलाबदल करा. बिघाड दुसऱ्या स्पीकरवर गेला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा त्याच्या आधीचा. त्याच स्पीकरवर राहिला तर दोष स्पीकरचा किंवा वायरीचा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर पॉटमध्ये (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते वीस-तीस वेळा फिरवा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. गंज काढायचं तेलकट स्प्रे तिथे मारू नका. जुन्या एनएडी ३०२० सारख्या मॉडेलना मागे प्री-आउट आणि मेन-इन (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प या दोन टप्प्यांची टोकं) जोडणाऱ्या धातूच्या छोट्या कड्या असतात. त्या काळवंडल्या की एक चॅनेल येतो-जातो आणि लोक आतले ट्रान्झिस्टर बदलत बसतात. कड्या काढून, पुसून परत बसवायला पाच मिनिटं लागतात.

आता स्पीकर. वूफरच्या कडेची गोल पट्टी कशाची आहे, यावर जवळपास सगळं ठरतं. रबर किंवा लेप दिलेलं कापड असेल तर ती तीस-चाळीस वर्षांनंतरही अनेकदा शाबूत असते. फोम असेल तर कोकणात, मुंबईत, गोव्यात त्याची गत वाईट होते, कारण दमट हवेत तो आतून विघटित होत जातो. माझ्या वूफरच्या कडेला नुसतं बोट लावलं तर फोम चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा सुटला आणि बोटावर चिकट काळा डाग राहिला. कोन, म्हणजे मधला शंकूसारखा पडदा, मात्र कोरा करकरीत होता.

इथे दोन वाटा आहेत आणि बाजारात त्यांची सर्रास गल्लत होते. एक म्हणजे फक्त कडा बदलणं, दुसरी म्हणजे रीकोन, म्हणजे कोन आणि कॉइलसकट सगळंच नवं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात चौकशी केलीत तर नेमके शब्द वापरा. माझा पहिला वूफर मी एका दुरुस्तीवाल्याकडे ‘कडा बदला’ म्हणून दिला. त्याने माझं भलंच होईल असं समजून अख्खा कोन, कॉइल, सगळंच नवं बसवलं. दिसायला सुंदर झाला. पण नवा कोन जड होता, आणि कोनाचं वजन वाढलं की वूफरचा अनुनाद खाली सरकतो, संवेदनशीलता घटते, आणि मूळ पेटीशी त्याचा मेळ राहत नाही. तबल्याची रेकॉर्ड लावली तेव्हा एका बाजूने डग्गा घुमत होता आणि दुसऱ्या बाजूने कोणी उशी थोपटतंय असं वाटत होतं.

दुसरा वूफर मी घरीच केला. आतला-बाहेरचा व्यास मोजून कडा मागवली, जुना गोंद दोन संध्याकाळी बसून खरवडला, सुकल्यावर लवचिक राहणारा पांढरा गोंद लावला, आणि तो सुकत असताना साधारण ३० हर्ट्झचा हळू सूर सोडून कॉइल मध्यावर राहील याची काळजी घेतली. शेवटी चारी बाजूंनी बोटं ठेवून कोन हलकेच दाबायचा. कुठेही घासल्याची जाणीव झाली नाही तर काम जमलं. म्हणून कोन आणि कॉइल धड असतील तर कडाच बदला. रीकोन कॉइल जळाल्यावरच. कॉइल धड आहे की नाही हे मीटर सांगतं: ८ ओहमच्या ड्रायव्हरवर डीसी रोध साधारण साडेपाच ते सात ओहम दिसतो.

क्रॉसओव्हरमधले (खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायला हरकत नाही, तेही स्वस्त काम आहे. फक्त त्या जागी पॉलिप्रॉपिलीन फिल्म घातले की त्यांचा अंतर्गत रोध खूप कमी असल्यामुळे ट्वीटरचा (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरचा) आवाज जरा पुढे येतो. तानपुऱ्याची जवारी टोचायला लागली तर कपॅसिटरसोबत सिरीजमध्ये अर्ध्या ओहमचा रेझिस्टर घाला. दोन्ही स्पीकरमध्ये बदल एकदमच करा, एकात आज आणि एकात पुढच्या महिन्यात असं नको.

अ‍ॅम्प्लिफायरकडे परत येऊ. जुना दुरुस्त करायचा की नवा छोटा क्लास डी (स्विचिंग पद्धतीने चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) घ्यायचा? झाकण काढून आउटपुटला काय आहे ते बघा. सुटे ट्रान्झिस्टर असतील तर दुरुस्ती शक्य आहे आणि माझं मत दुरुस्तीकडे. हीटसिंकला सान्योचा एसटीके मॉड्यूल (आउटपुटचे ट्रान्झिस्टर एकाच ठोकळ्यात) चिकटलेला असेल आणि तोच गेला असेल, तर मी थांबायला सांगेन. त्यांचं उत्पादन थांबलेलं आहे, बाजारात नकली भरपूर आहेत, आणि नकली बसवला की काही दिवसांत तो पुन्हा जातो, कधी स्पीकर घेऊनच. दोन्ही बाजूंनी एकसारखा ‘हम्म’ येत असेल, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही, तर बहुतेकदा सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेले असतात. त्यात भीतीचं काही नाही, मूळ मूल्याचे आणि किमान तितक्याच व्होल्टेजचे नवे घाला.

क्लास डीच्या बाजूने बोलायचं तर टीपीए ३११६ चिपवर चालणारे छोटे अ‍ॅम्प्लिफायर हल्ली सहज मिळतात, फारसे तापत नाहीत आणि वीज कमी खातात. पण पेटीवरचा वॅटचा आकडा बघून ठरवू नका. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणून २० वॅटच्या ३०२० वरून ४० वर गेलात तर फरक जेमतेम जाणवेल. या चिपचा आउटपुट फिल्टर फीडबॅकच्या (स्वतःची चूक सुधारणाऱ्या सर्किटच्या) बाहेर असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स (ओहममधला रोध) जास्त असला की सर्वांत वरच्या टोकाचा आवाज किंचित उचलला जातो. बीबीसीने ओबी व्हॅनसाठी (बाहेरच्या प्रसारणाच्या गाड्यांसाठी) घडवलेला एलएस३/५ए सुरुवातीला १५ ओहमचा होता; तसा स्पीकर घरात असेल तर मी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरलाच जीव लावीन. शिवाय क्लास डीचं काळं टर्मिनल बहुतेकदा ग्राउंड नसतं. दोन्ही काळी टर्मिनलं एकत्र बांधलीत, किंवा कॉमन ग्राउंडच्या स्विचबॉक्समधून नेलीत, तर चिपला धोका.

आणि घरात एलपी असतील तर? जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला बहुतेक वेळा फोनो इनपुट (टर्नटेबलसाठीची खास जोडणी) असतोच. नव्या छोट्या डब्यांना सहसा नसतो, त्यामुळे वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प आणि त्याचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. त्याचा हिशेब किमतीत आधीच धरा, नाहीतर टर्नटेबल जोडल्यावर रेकॉर्ड पुटपुटल्यासारखी वाजते, आणि चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरला उगाच दोष दिला जातो.