टूल्झ रिव्ह्यू: मार्केट यार्डातल्या पट्ट्या पाईपमधनं काढल्या, बरं वाटलं

पायथनमधे टूल्झ नावाची छोटीशी लायब्ररी आहे, आपल्याकडं सांगली-मिरजेत कुणी वापरताना फारसं दिसत नाही म्हणून लिहितोय. माझ्याकडं हळदीच्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर आहे. सौदे झाले की लॉट, पोती, वजन, दर अशी यादी येते, त्यातनं शेतकऱ्याची पट्टी म्हणजे त्याच्या विक्रीच्या हिशोबाची पावती काढायची, हमाली तोलाई वजा करायची, खरेदीदाराचं बिल वेगळं. जुना कोड म्हणजे एकच लांबलचक फंक्शन, लूपच्या आत लूप आणि टेंप, टेंप टू, फायनल, फायनल न्यू असली व्हेरिएबलं. कुणी लिहिलाय विचारू नका, आता तो तिथं नाही.

टूल्झचा पाईप अगदी साधा आहे. आधी डेटा द्यायचा, मग फंक्शनं ओळीनं लिहायची, पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. एकात एक कंस घालून आतनं बाहेर वाचत बसायची भानगड नाही. रद्द लॉट गाळ, शेतकऱ्यानुसार गट कर, बेरीज कर, हमाली काप, पट्टी छाप, असं वरनं खाली वाचता येतं. पहिल्यांदा मी बेरीज आणि हमालीच्या ओळी उलट्या लिहिल्या होत्या, तेव्हा दिवाणजींना सहज स्क्रीन दाखवली तर ते नुसती फंक्शनांची नावं वाचून म्हणाले, "अहो हमाली पोत्यावर असते, तुम्ही पोती मोजायच्या आधीच हमाली कशी काय कापताय?" बरोबर होतं त्यांचं. जुन्या कोडमधे हे त्यांना काय, मला पण दिसलं नसतं, दोन ओळी खालीवर केल्या आणि विषय मिटला.

आता कुणी म्हणेल डॉट डॉट लावून चेन करायची सोय आहे की, जँगो या वेब फ्रेमवर्कमधल्या क्वेरीसेटला (डेटाबेसमधनं नोंदी काढायच्या ऑब्जेक्टला) असते तशी. आहे ना, फ्लुएंट इंटरफेस म्हणतात त्याला, मार्टिन फाउलर आणि एरिक इव्हान्स या सॉफ्टवेअर लेखकांनी 2005 मधे हे नाव पाडलं. डॉट दाबला की एडिटर पुढचं सुचवतो ही त्याची मोठी सोय, पाईपमधे ती मिळत नाही, नावं आपल्यालाच ठाऊक पाहिजेत. पण चेनमधे त्या क्लासकडं जे मेथड आहेत तेवढेच चालतात, आमची हमाली त्यात घुसवायची तर क्लासच उघडून बसा. पाईपला काय, एक गोष्ट घेणारं आणि एक परत देणारं कुठलंही फंक्शन चालतं. हमालीचा दर बदलला तेव्हा एकाच फंक्शनला हात लावला, त्याची टेस्ट वेगळी चालवली, बाकीचं जसंच्या तसं. माझ्यासाठी सगळी किंमत इथंच वसूल झाली, तसं लायब्ररी फुकटच आहे म्हणा, बीएसडी लायसन्स, शेठला काही विचारायला लागलं नाही.

टूल्झचं ग्रुपबाय, म्हणजे नोंदींचे गट पाडणारं फंक्शन, पण लई कामाचं आहे. पायथनच्या इटरटूल्समधलं ग्रुपबाय फक्त शेजारी शेजारी असलेल्या नोंदी एकत्र करतं, आधी सॉर्ट केलं नाही तर एकाच शेतकऱ्याचा राजापुरी हळदीचा लॉट वर आणि सेलम हळदीचा खाली असला की दोन पट्ट्या निघतात. टूल्झचं सॉर्ट न करता सरळ डिक्शनरी देतं. सगळं मेमरीत धरतं खरं, पण एका दिवसाच्या सौद्याला काय फरक पडतोय, वर्षानुवर्षाचा डेटा असेल तर गट न साठवता बेरीज करत जाणारं रिड्यूसबाय बघा.

आता तक्रारी. पहिली टूल्झच्या करीची (curry). ते लावलेल्या फंक्शनला आर्ग्युमेंट कमी दिले तर एरर यायच्या ऐवजी अर्धवट फंक्शन परत मिळतं, सोय म्हणून छान आहे पण चुकून एखादा आर्ग्युमेंट विसरला तर तिथं काहीच ओरड होत नाही, तीन पायऱ्या पुढं जाऊन भलतीच एरर येते आणि तुम्ही भलतीकडंच शोधत बसता. दुसरी, मॅप आणि फिल्टर आळशी आहेत, मागितल्याशिवाय काम करत नाहीत. मधे काय चाललंय बघायला डू (दिलेलं फंक्शन चालवून डेटा तसाच पुढं देणारं) आणि प्रिंट लावलं तर मॅप ऑब्जेक्ट असलं काहीतरी छापून येतं, आकडे नाहीत. बरं म्हणून तिथंच लिस्ट करून छापलं तर आकडे दिसतात, पण तेवढ्यात मॅप संपतो आणि पुढच्या फंक्शनला रिकामं मिळतं, पट्टीवर शून्य रुपये. यावर उपाय म्हणजे लिस्ट ही पाईपमधलीच एक पायरी करायची आणि डू तिच्यानंतर लावायचं. आणि लॅम्डाचा, म्हणजे बिननावाच्या फंक्शनांचा, मारा करू नका राव, ट्रेसबॅकमधे नुसतं लॅम्डा लॅम्डा दिसतं, कुठलं ते कळत नाही, सरळ नाव देऊन फंक्शन लिहा.

इन्स्टॉलला काही त्रास नाही, शुद्ध पायथन आहे, दुसरी कुठली लायब्ररी मागत नाही, दुकानातल्या जुन्या पीसीवर पण लगेच बसली. स्पीड कमी वाटला तर सायटूल्झ आहे, बहुतेक नावं तीच, आतनं सायथन (पायथनसारखा कोड सी मधे बदलून वेगानं चालवणारं), आम्हाला गरज पडली नाही. मोठ्या डेटावर काम करणारी डास्क लायब्ररी पण आतनं टूल्झच वापरते, त्यामुळं उद्या कुणी वाऱ्यावर सोडून देईल अशी भीती कमी.

पाचपैकी चार स्टार, एक करीमुळं कापला. ज्यांचं सगळं काम आधीच पांडास या तक्त्यांच्या डेटाच्या लायब्ररीत आहे त्यांनी याच्या मागं लागू नका, तिथं डेटाफ्रेमला (त्यातल्या तक्त्याला) स्वतःचा पाईप मेथड 2015 पासून आहे, बेदाण्याच्या बॉक्सचा हिशोब मी त्याच्यावरच ठेवलाय.