किचनचा डिजिटल वजनकाटा, आणि त्यातला नऊ भाषांचा कागद

बडोद्याच्या मंगळबाजारातून दिवाळीआधी घेतला, 5 किलोपर्यंतचा, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण असेच काटे बऱ्याच नावांनी मिळतात. वजन एकदम बरोबर, भाजणी, अनारशाचं पीठ सगळं यावरच मोजलं. त्याबद्दल काही तक्रार नाही.

लिहायचंय ते आतल्या कागदाबद्दल. इंग्लिश, जर्मन, फ्रेंच, पोलिश, अरबी अशा नऊ भाषा आणि सगळ्यांत तेच, की आतला बटण सेल मुलाने गिळला तर 2 तासांत आतून भाजू शकतं, जीव जाऊ शकतो. हे मी वाचलं तीन आठवड्यांनी, आणि घरात माझी दीड वर्षाची मुलगी, दिसेल ते तोंडात घालते. सेल 2032 नंबरचा म्हणजे 20 मिलिमीटर रुंद नि 3.2 जाड, अन्ननलिकेत अडकला की ओलीमुळे करंट वाहतो, तिथे कॉस्टिक सोड्यासारखं अल्कली तयार होतं आणि ते भाजत जातं. अमेरिकेत 2022 मधे यासाठी कायदा झाला, की झाकण पोरांना उघडता येता कामा नये. माझ्या काट्याचं नखाने सरकतं!!

त्या नऊ भाषा कुठल्या, तर जिथे इशारा न छापता माल विकला तर कंपनी अडचणीत येते तिथल्या. आपल्याकडचं स्टिकर फक्त इंग्लिश, एमआरपी आणि इम्पोर्टरचा पत्ता. आमच्या दांडिया बाजारच्या घरात काटा वापरतात आई आणि रसोईला येणाऱ्या बेन, एक मराठी वाचते एक गुजराती, दोघींसाठी एक ओळ नाही.

मग मीच चिठ्ठी लिहायला बसले आणि तिथे अडकले. इंग्लिशमधे डेंजर, वॉर्निंग, कॉशन अशा पायऱ्या ठरलेल्या असतात, कॉशन म्हणजे किरकोळ दुखापत, डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मरण किंवा जबर इजा. आपण तिन्हीला सावधान लिहून मोकळे होतो, आणि तो शब्द मंगलाष्टकात नि शाळेच्या कवायतीत इतका ऐकलाय की त्याने पोटात गोळा येत नाही. म्हणून ‘धोका’ लिहिलं. बेननी वाचलं आणि विचारलं, कोणी फसवलं? त्यांना तो हिंदीतला धोखा वाटला! शेवटी त्यांच्यासाठी गुजरातीत ‘भयजनक’ लिहिलं, कारण पावसाळ्यात विश्वामित्री नदी 26 फुटांवर गेली की इथे हाच शब्द कानावर येतो आणि लोक सामान माळ्यावर टाकायला लागतात. बेननी वाचल्या वाचल्या काटा उचलून वरच्या फळीवर ठेवला. आईसाठी लिहिलं ‘यातला सेल पोरीच्या हाती लागू देऊ नकोस, गिळला तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या’. दूर ठेवावे वगैरे नाही, तसं घरात कोणी बोलतच नाही.

5 पैकी 2 स्टार, दोन्ही वजनासाठी. घेणार असाल तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते दुकानातच उलटा करून बघा. आमच्या झाकणावर सध्या चिकटपट्टीचे चार वेढे आहेत.